न भाजणारा हात

अप्पा,

आज दुपारी जयसिंगपूरहून एक नवरा-बायको आली होती. बाईच्या हातात फिल्मचं ते मोठं, चौकोनी पाकीट होतं आणि ती ते तान्ह्या पोराला धरावं तसं छातीशी धरून आत आली. पाकीट बघितल्यावर मला पुढचं विचारावं लागलं नाही. अधूनमधून असं एखादं पाकीट आपल्या दारात येतं. कुणीतरी कुणाला तरी सांगितलेलं असतं की त्या गावात एक जण आहे, त्याच्या वडिलांना मानेतल्या मज्जारज्जूत गाठ झाली होती, त्याला विचारा. हा रोगच तसा एकलकोंडा आहे. साखरेच्या आजाराचा माणूस पारावर जाऊन बसला तर त्याला चार सोबती भेटतात, प्रत्येकाचं एकेक औषध असतं. ह्या गाठीच्या माणसाला तालुक्यात दुसरा भेटत नाही. म्हणून ती माणसं माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही, माझी दहावी गणितावर अडकली ती अडकलीच, हे मी दारातच सांगून टाकतो. तरी ती बसतात. मग मी फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरतो, कारण नाही धरली तर त्यांना वाईट वाटतं. आज त्या बाईनं सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, "तुमचं वडील बरं झालं का मग?" मी म्हणालो, "झाले की." ती दोघं गेली आणि मी तसाच बसून राहिलो. थकवा आला होता, काम करून येतो तसा नव्हे, तेच ते सांगून येतो तसा. ते उत्तर तुम्हाला विचारून द्यायला हवं होतं असं वाटलं, म्हणून लिहायला घेतलं आहे.

तुमच्या हातापासूनच सुरुवात करतो, कारण रोगाचीही सुरुवात तिथूनच झाली आणि ती आपल्यातल्या कुणालाही ओळखता आली नाही. बिद्रीच्या रस्त्याला लागून असलेलं ते गुऱ्हाळ मला आजही वासासकट दिसतं. काहिलीच्या भल्यामोठ्या कढईत रस उकळतो आहे, मळी काढून झाली आहे, फेस बारीक होत चालला आहे आणि तुम्ही काठावर उभे आहात. गार पाण्याच्या बादलीत उजवा हात बुडवता आणि तसाच ओला हात उकळत्या पाकात घालता. बोटांवर येईल तेवढा पाक घेऊन हात पुन्हा पाण्यात. पाण्यात त्याची गोळी वळली की काहील उतरवायची, नाही वळली तर थांबायचं. लवकर उतरवली तर ढेप पाघळते, उशीर झाला तर गूळ करपट होतो. गुळव्याचं सगळं नाव त्या एका गोळीवर. हे सगळेच गुळवे करतात, पण सगळे हात विजेसारखा बाहेर काढतात, झटकतात, एखादी शिवी हासडतात आणि बोटं कानाच्या पाळीला लावतात. तुम्हीही लावायचात. मला लहानपणी वाटायचं की कानाला हात लावणं हा गुळाच्या कामाचाच एक भाग आहे, देवाला नमस्कार करावा तसा.

मग कधीतरी तुमचा हात कानाकडे जायचा बंद झाला. कोणत्या हंगामात, ते मला नक्की सांगता येणार नाही. मी सगळ्या गोष्टी नीट लक्षात ठेवणारा पोरगा, पण हे माझ्याही ध्यानात आलं नाही. नंतर आठवून आठवून मी ते शोधलं आहे. एवढंच खरं की नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत तुमचा हात सावकाश व्हायला लागला. तुम्ही पाकात हात घालायचात, बोटं चोळून बघायचात, जणू कणीक किती मऊ आहे ते बघताय, आणि मग निवांत बाहेर काढायचात. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं घालणारा चाचा ते बघून म्हणायचा, "गुळव्या, तुझा हात हाय का सांडशी? माझ्या बायकूला एक दे असली करून, भाकरीला उपेगी पडंल." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. गुऱ्हाळाचा मालक पाहुणे आले की मुद्दाम त्यांना काहिलीजवळ आणायचा. "या पावणं, हिकडं या. आमच्या गुळव्याचा हात बगा. अवो, आगीला बी वळक असती माणसाची. ह्यो माणूस तिला वळखीचा झालाय." नेसरीकडचे कुणी पाहुणे एकदा खरोखर तुमच्या पाया पडले होते. त्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा चालण्यात एक ऐट होती. मलाही अभिमान वाटला होता. शाळेत मी पोरांना सांगायचो की आमच्या अप्पांना भाजत नाही. तुमच्या मानेत आत काहीतरी वाढत होतं, त्यानं चटक्याची वाट अडवली होती, आणि आम्ही सगळे त्याला सिद्धी म्हणत होतो. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात झाली नसती. शिंप्याला सुई टोचल्याचं कळेनासं झालं तर लोक त्याला दवाखान्यात नेतील. गुळव्याला भाजेनासं झालं तर लोक त्याच्या पाया पडतात.

पहिली शंका माझ्या आईला, अव्वाला आली, आणि ती स्वयंपाकघरात. ती भाकरी थापत होती, तुम्ही चुलीपुढे पाटावर बसला होता आणि चहाची वाटी हातात घेऊन तिच्याशी बोलत होता. चहा त्याच वाटीत तापवलेला, वाटी आत्ताच चुलीवरून उतरलेली. अव्वाचा थापणारा हात थांबला. "अवो, ती वाटी धरलीयासा कशी?" तुम्ही म्हणालात, "कशी म्हंजे? हातानं." तिनं ती तुमच्या हातातून पदरानं काढून घेतली, तर तळव्यावर लाल गोल उमटला होता. तुम्ही त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तसे बघत राहिलात. मग म्हणालात, "कामाचा हात हाय, निबर झालाय." त्या दिवसापासून अव्वा तुमच्या हातांवर नजर ठेवायला लागली. बोटांवरचे फोड तिला दिसायचे, तुम्हाला नाही. अंगठ्याच्या बुडाचं मांस उतरून तिथे खड्डा पडला होता, तोही तिलाच दिसला. आणि मान. आडवं झालं की मान दुखते म्हणून तुम्ही पोत्याला टेकून बसून झोपायला लागला होता. डॉक्टरकडे गेलात, एक्स-रे निघाला, मणक्याची झीज म्हणून सांगितलं, गळ्याला पट्टा मिळाला. त्यात डॉक्टरची चूक होती असं मी म्हणणार नाही. एक्स-रेत हाडं दिसतात. हाडांच्या आत जी मज्जारज्जूची दोरी असते ती दिसत नाही, आणि दोरीच्या आतली गाठ तर नाहीच. झीज खरोखरच होती. चाळिशी ओलांडलेल्या, ओझी उचललेल्या कुठल्या माणसाच्या मानेत ती नसते?

मग पायातली चप्पल वाटेतच मागे राहायला लागली. तुम्ही पुढे चालत जायचात आणि मी मागून ती उचलून आणायचो. "अप्पा, चप्पल." "आँ? व्हय की." इतकंच. आणि त्याच हंगामात गावात तो शब्द फिरला. रक्तपिती, म्हणजे कुष्ठरोग. फोड येतात, कळत नाहीत, बोटं वाळायला लागलीत, म्हणजे दुसरं काय असणार? ज्या हाताच्या लोक पाया पडत होते त्याच हाताला बघून बायका पदर सावरून बाजूला व्हायला लागल्या. गुऱ्हाळावर चहा आला की तुमचा कप वेगळा, कान तुटलेला. मालक आपल्या घरी आला तो दिवस मला आठवतो. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "गुळव्या, राग मानू नगंस. मला तुझ्याबद्दल काय बी न्हाय. पर गूळ लोकांच्या तोंडात जातोय. देवाच्या नैवेद्याला जातोय. उद्या बाजारात कुणी बोललं तर माझी ढेप कुत्रं बी हुंगायचं न्हाय." तुम्ही म्हणालात, "मालक, परवा तर तुमीच लोकांस्नी दावत हुतासा." तो खाली बघत म्हणाला, "व्हय. दावत हुतो." आणि गेला. तुम्ही आत येऊन भिंतीकडे तोंड करून बसलात. अव्वानं ताट वाढलं, तुम्ही तिला म्हणालात, "माजं ताट येगळं काढ." ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारची बाई दारात आली. "येगळं ताट? येगळं ताट पायजे तर येगळी बायकू बी करा!" आणि तिनं तुमच्याच ताटात आपली भाकरी टाकली आणि जेवायला बसली. मी तेव्हा तिच्याकडे बघितलं ते अजून विसरलो नाही.

कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात त्वचारोगाच्या खोलीबाहेर आपण तिघं बसलो होतो. तुम्ही टॉवेलानं हात झाकले होते. आतल्या डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या होत्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी टॉवेल बाजूला केला आणि तुमचे हात आपल्या उघड्या हातांत घेतले. कितीतरी दिवसांत परक्या माणसानं तुम्हाला हात लावला नव्हता. तुमचं तोंड कसं झालं होतं ते तुम्हाला दिसलं नसेल. डोळे मिटायला लावून त्यांनी कापूस फिरवला, तुम्ही बरोबर सांगितलंत, इथं, आता इथं. मग दोन काचेच्या नळ्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. तुम्ही दोन्हींना "काच हाय" म्हणालात. त्यांनी कोपराजवळची नस चाचपली, पाठीवर कुठे चट्टा आहे का बघितला, आणि मग गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय असा उडाला की त्यांच्या खुर्चीला लागला. त्या हसल्या नाहीत. पुन्हा मारली, पुन्हा तसाच उडाला. "हा तो रोग नाही," त्या म्हणाल्या. "त्यात पाय असा उडत नाही. नस जाड नाही, चट्टा नाही, स्पर्श आहे पण ऊन-गार कळत नाही. हे हातात नाही, वर मानेत आहे." अव्वानं तिथल्या तिथे हात जोडले. "देवानं वाचवलं बाई." त्या बाई हातोडी खाली ठेवत म्हणाल्या, "तो रोग असता तर मी गोळ्या दिल्या असत्या आणि तो बरा झाला असता. लोक उगीच घाबरतात त्याला. हे जे काय आहे ते काय निघतंय बघू." मला त्या वाक्याचा अर्थ गाडीत बसल्यावर लागला. गाव ज्याला भीत होतं ते बरं होणारं होतं.

पुढचा, एमआरआयचा, फोटो काढायला पुण्याला जावं लागलं. त्या मशीनच्या दारात आपलं भांडण झालं ते आठवतं का? तिथला माणूस म्हणाला, अंगावर धातू चालणार नाही, गळ्यातली ती चांदीची डबी काढा. तुम्ही म्हणालात, "त्यात लिंग हाय. जिता हाय तवर ते अंगावरनं उतरत न्हाय." तो म्हणाला, "काका, मशीन लोहचुंबकाचं आहे." तुम्ही म्हणालात, "असू दे की. मी बी लिंगायत हाय." तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. शेवटी अव्वानं वाट काढली. डबीतून लिंग काढलं, आपल्या पदराची कड फाडून त्यात गुंडाळलं आणि तुमच्या दंडाला बांधलं. रिकामी डबी माझ्या हातात दिली. तुम्ही आत गेलात आणि मी बाहेर ती डबी मुठीत धरून त्या मशीनची ठकठक ऐकत बसलो. मधेच बाहेर आणून शिरेत औषध टोचलं आणि पुन्हा आत घेतलं. ते औषध गाठीत जाऊन चमकतं, म्हणजे गाठ कुठे संपते आणि दोरी कुठे सुरू होते ते दिसतं, असं मला नंतर कळलं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "आत कुणीतरी घाण्याची दुरुस्ती काढलीया."

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी फिल्म लावून दाखवली. मानेच्या मधोमध, दोरीच्या पोटात, उसाच्या कांडीसारखी लांबट पांढरी आकृती. एपेन्डिमोमा असावा, असं ते म्हणाले. मी ते नाव मनात अक्षर अक्षर लावून ठेवलं. ही गाठ मुळातच क्वचित होते, आणि मोठ्या माणसांत बहुतेक वेळा सावकाश वाढते, पसरत नाही. ती मधोमध असते म्हणून आधी ऊन-गार आणि दुखणं जाणाऱ्या वाटा कापते. स्पर्शाच्या वाटा मागच्या बाजूनं जातात, त्या शेवटपर्यंत राहतात. मी विचारत होतो, ते सांगत होते. काढली नाही तर काय? पाय जातील, मग हात, मग श्वासावर येईल. काढताना काय होऊ शकतं? तेच, आज ना उद्या होणारं, टेबलावरच होऊ शकतं. पूर्ण निघते का? निघाली तर पुढे किरणं द्यावी लागत नाहीत बहुधा, पण फोटो काढत राहावे लागतात. परत येते का? कधीकधी. मी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं तेव्हा तुम्ही माझ्यावर खेकसलात, "लई इचारतुयास तू. इचारून गाठ बारकी हुती व्हय?" डॉक्टर माझी बाजू घ्यायला निघाले होते, तेवढ्यात तुम्हीच त्यांना विचारलंत, आणि तो एकच प्रश्न तुम्ही त्या सगळ्या दिवसांत विचारलात. "सायेब, मला परत भाजंल का?" त्यांना कळलंच नाही. "मशीननं? नाही नाही." "तसं न्हवं. चटका. हाताला चटका लागंल का परत?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "खरं सांगू? बहुधा नाही. जे गेलंय ते परत यायची खात्री नाही. जे उरलंय ते राखायला मी आत जाणार आहे." तुम्ही मान हलवली, पट्ट्यात हलेल तेवढी. "चटकं बसत हुतं तवा शिव्या घालत हुतो," तुम्ही म्हणालात, आणि संमतीच्या कागदावर अंगठा पुढे केलात, मग सही येते हे आठवून पेन मागून सही केलीत.

शस्त्रक्रियेबद्दल मी काय लिहू? तुम्ही आत होता आणि झोपलेले होता. आम्ही बाहेर होतो आणि जागे होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोरी मधोमध उघडून गाठ तिच्यापासून सोडवत आणली, जवळजवळ अखंड निघाली, असं त्यांनी सांगितलं, आणि तपासणीतही तेच नाव आलं, सावकाश वाढणारीच निघाली. शुद्धीवर आल्यावर तुमचे पाय आधीपेक्षा जड होते. डॉक्टर म्हणाले, हे अपेक्षित आहे, थांबा. ते थांबणं किती लांब असतं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा उभे राहिलात तेव्हा म्हणालात, "माजं पाय कुठं हाईत?" डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुम्हाला पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं. तेही हळूहळू थोडं परत आलं. पुढच्या उसापर्यंत तुम्ही काठी घेऊन आपल्या आपण परसात जायला लागलात. बोटांत जोर आला, मान दुखायची थांबली, आडवं पडून झोपायला लागलात. चटका मात्र आला नाही. अव्वा रोज तुमच्या अंघोळीच्या पाण्यात आधी आपला हात बुडवून बघायची. लग्नात जंगमानं सांगितलेल्या विधीसारखं ते तिनं शेवटपर्यंत केलं, आणि तुम्ही रोज म्हणायचात, "झालं का शिजवून?"

आणि मग ती गुऱ्हाळावरची सकाळ. दवाखान्याचा कागद मालकाला दाखवला होता. त्यानं तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि म्हणाला, "कागद खरा असंल. पर गाव कागद वाचत न्हाय." हंगामाची पहिली काहील होती. लोक जमले होते, कुणी तुमच्याकडे सरळ बघत नव्हतं. डॉक्टरांनी गरम वस्तूला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. पळीनं पाक काढून पाण्यात टाकून गोळी बघायची असं घरी ठरलं होतं, अव्वाला तसं वचन देऊन तुम्ही आला होता. मी पळी घेऊन उभा होतो. तुम्ही काठी चाचाकडे दिलीत, बादलीत हात बुडवलात आणि मी काही म्हणायच्या आत पाकात घातलात. आणि मग मी माझ्या आयुष्यात बघितलेलं सगळ्यात मोठं नाटक झालं. "आयला! मेलो मेलो! भाजलं की रं!" तुम्ही हात झटकत होता, नाचत होता जेवढं त्या पायांवर नाचता येईल तेवढं, आणि बोटं कानाच्या पाळीला लावली होती. मग चाचा खदाखदा हसायला लागला. "बसला का चटका? लई दिस सांडशी घिऊन फिरत हुतास. आता झालास माणूस!" मग मालक हसला, मग सगळे. "भाजलं, भाजलं गुळव्याला!" लोक असे खूश झाले, जणू बारशाला आलेत. कुणीतरी चहा आणला आणि तुमच्या हातात सगळ्यांसारखाच कप दिला. ज्या गावानं तुम्हाला भाजत नाही म्हणून डोक्यावर घेतलं, त्यानंच भाजलं म्हणून परत घरात घेतलं. फक्त मी तुमच्या जवळ उभा होतो आणि मला दिसलं होतं की तुम्ही आधी हात निवांत बाहेर काढलात आणि मग ओरडलात. उशीर झाला होता. घरी जाईपर्यंत पूर्ण बोटभर फोड आला. अव्वानं तो बघितला, तुमच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिनं कोरफड कापायला घेतली.

वाटेत तुम्ही मला म्हणाला होता, "कवा वरडायचं त्येच कळंना. फुडल्या टायमाला तू सांग." तेव्हापासून आपलं ते सुरू झालं. एरवी पळी होतीच; पण पाहुणे असले, बाजारचे व्यापारी असले, की तुम्ही हात घालायचात आणि मी समोर उभा राहून योग्य क्षणी घसा खाकरायचो. मी खाकरलो की तुम्ही हात काढून "आयला" म्हणायचात. अप्पा, मी आधीच भित्रा. लवकर खाकरलो तर गोळी मिळत नाही, उशिरा खाकरलो तर फोड. पाकाकडे बघून बघून माझ्याच बोटांना झिणझिण्या यायच्या. एक दिवस मालक मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरा, तुजा खोकला जाईना झालाय. छातीचा फोटू काड. एक दुखणं ह्या गुऱ्हाळानं आत्ताच पचवलंय, टीबी नगं." मी ते घाबरत घाबरत तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही इतके हसलात की काठी पडली. बाजाराच्या दिवशी तुम्ही कोल्हापूरहून माझ्यासाठी खोकल्याच्या गोळ्यांची डबी आणलीत आणि सगळ्यांच्या देखत मला दिलीत. "घे लेका. दिसातनं तीनदा चघळ." तुम्ही मला आयुष्यात विकत आणून दिलेली, शाळेच्या वस्तू सोडल्या तर, तीच एक वस्तू. गोळ्या संपल्यावर ती डबी मी ठेवली. तुमच्या लिंगाची चांदीची डबी तुमच्याबरोबर मातीत गेली. ही माझ्याकडे आहे, तीत आता सुया असतात.

तुम्ही गेलात ते त्या गाठीनं नाही. फोटोत ती पुन्हा कधी दिसली नाही. तुमचं हृदय थांबलं, भर दुपारी, जेवून उठल्यावर, हात धुता धुता. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असेल. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आली असेल का, आणि आली असली तर तुम्हाला कळली असेल का, हे मला कुणी सांगू शकलं नाही. चाचानं खड्ड्यात माती लोटली आणि म्हणाला, "लई त्रास न्हाय झाला त्येला." त्याला काहीच माहीत नव्हतं, किंवा सगळं माहीत होतं. आता तोही नाही. गुऱ्हाळही नाही, तो ऊस कारखान्याला जातो.

तर त्या बाईला मी "झाले की" म्हणालो, ते खोटं होतं का? तुम्ही चाललात, जेवलात, आडवे झोपलात, हसलात, गूळ केलात. पण तुम्ही जे मागितलं होतं ते मिळालं नाही. तिला मी चांगल्या डॉक्टरांकडे जा म्हणालो, उशीर करू नका म्हणालो, जे उरलंय ते राखायला आत जातात हे तुमच्या डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. चटक्याचं काही बोललो नाही. तिचा नवरा ट्रॅक्टर दुरुस्त करतो. अजून त्याला वाटतं की नुसती मान आखडली आहे.

हे कागद मी टपालात टाकणार नाही हे उघड आहे, आणि तुमच्या समाधीवर नेऊन ठेवायचे तर वारं आणि शेळ्या. इथेच कपाटात राहतील. पण एक गोष्ट लिहायची राहिली. जाण्याआधी अव्वानं त्या दोघांना चहा दिला, स्टीलच्या पेल्यात, उकळता. बाईनं पदरानं धरला. त्यानं नुसत्या मुठीत धरला आणि माझ्याशी बोलत राहिला, चेहऱ्यावर काही नाही. दारात उभी असलेली अव्वा माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, अप्पा, घसा खाकरला. जोरात. दोनदा. तो बोलायचा थांबला आणि आदरानं म्हणाला, "पाणी पिता का जरा?"